गवताच्या पात्यामागचा शोध : ॲल्गर्नन थॉमस

भोपाळच्या मोठ्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की उघड्या पडलेल्या हिरव्या काठावर गायी-म्हशी चरायला उतरतात. पशुवैद्यांना अशा ओल्या चाऱ्याची धास्ती असते. त्यातून पोटात गेलेला यकृतकृमी, म्हणजेच लिव्हर फ्लूक, पित्तनलिकांत ठाण मांडतो. दूध आटते, अंग खंगते, जबड्याखाली पाणी साचते. या धोक्याचा माग काढणारे ॲल्गर्नन थॉमस मात्र मेंढ्यांच्या मुलखातले.

त्यांचा जन्म 1857 मध्ये इंग्लंडातील बर्कनहेड येथे झाला. 1879-80 च्या ओल्या हंगामात ब्रिटनमध्ये सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगाने दगावल्या. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने संशोधनासाठी पैसा दिला आणि ऑक्सफर्डच्या प्राध्यापक रोलस्टन यांनी ते काम आपल्या या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले.

कृमीची अंडी शेणालेंडीतून पाण्यात पडतात, एवढे ठाऊक होते. पुढचा दुवा सापडत नव्हता. अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव जेमतेम एक दिवस तगतो. तेवढ्यात तो शिरतो कुठे? थॉमस यांचा संशय एका इवल्याशा गोगलगायीवर होता, पण प्रयोगापुरत्या जिवंत गोगलगायी मिळेनात. सबंध 1881 साल शोधण्यात गेले. जुलै 1882 मध्ये नदीला पूर आला आणि त्याने त्या गोगलगायी ढिगाने कुरणांवर आणून टाकल्या. थॉमस यांनी त्या जिवांसोबत ठेवताच जीव त्यांच्या अंगात घुसू लागले, तिथे वाढले, शेकडो झाले, शेपटी फुटून बाहेर पडले आणि गवतावर पुटी करून बसले. नशिबाने हात दिला खरा, पण दोन वर्षे चिकाटी धरणाऱ्यालाच.

जर्मनीत लॉयकार्ट हेही त्याच वेळी त्याच उत्तराशी पोहोचले होते. श्रेय दोघांचे मानले जाते. पुटी खाल्ल्यानेच जनावराला बाधा होते, हे सिद्ध केले ब्राझीलच्या अडोल्फो लुट्झ यांनी, तेही हवाई बेटांवर, दहाएक वर्षांनंतर.

कुरणातले पाणी निचरून काढावे आणि मेंढ्यांना मीठ द्यावे, हा थॉमस यांचा सल्ला. निचऱ्याचे महत्त्व आजही तेवढेच आहे. भारताच्या मैदानी प्रदेशात आढळणारा कृमी आकाराने मोठा, त्याची गोगलगायही वेगळी. पण साखळी तीच. ही गोगलगाय गोड्या पाण्यातली, त्यामुळे आपल्याकडे जपायचे ते खाऱ्या खाजनापेक्षा तळ्याकाठच्या आणि पाटाकडेच्या चराऊ जागांना.

1883 मध्ये थॉमस न्यूझीलंडला ऑकलंड विद्यापीठ महाविद्यालयात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. तिथे ते रमले ते ज्वालामुखींत आणि वनस्पतींत. यकृतकृमी मागेच राहिला. 1937 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ऑकलंड येथे त्यांचे निधन झाले.