बिल नेमके कोणी पाठवले? ई-मेलचे नियम लिहिणारे जॉन पोस्टेल

रेणापूरच्या अडत दुकानातून तुरीचे बिल लातूरच्या डाळमिलला मेल केले, तर ते थेट मिलमालकाच्या मोबाइलवर जात नाही. आधी दुकानाचा मेल सर्व्हर ते ताब्यात घेतो. मग डोमेनच्या नोंदीतून मिलच्या सर्व्हरचा पत्ता शोधतो आणि त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, जातो. मी अमुक, पाठवणारा हा, घेणारा तो आणि हा मजकूर, एवढेच दोघांचे बोलणे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर मेल रांगेत थांबतो, पुन्हा प्रयत्न होतो.

या बोलण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मूळ दस्तऐवज जॉन पोस्टेल यांनी लिहिला.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात असताना, १९६९ मध्ये, इंटरनेटचे पूर्वज असलेले आर्पानेट तिथे सुरू झाले आणि ते त्या कामात गुंतले. १९७४ मध्ये पीएचडी मिळाली. लांब दाढी, पायांत सँडल आणि काम मात्र तलाठ्याचे. कोणता क्रमांक कोणत्या सेवेला, कोणते नाव कोणाकडे, ही साऱ्या नेटची नोंदवही तेच सांभाळत. भारताला १९८९ मध्ये मिळालेल्या ‘डॉट इन’ची नोंदही याच वहीतली. त्याचा कारभार सुरुवातीला मुंबईतील जुहूच्या एनसीएसटीकडे होता.

आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, दुसऱ्याचे स्वीकारताना थोडे सैल राहावे, असा पोस्टेल यांचा आग्रह होता. त्यामुळेच पोस्टफिक्स, एक्झिम, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज अशी वेगवेगळ्या घरची सॉफ्टवेअर आजही एकमेकांशी बोलतात. गुगल किंवा झोहोकडून भाड्याने घेतलेली सेवाही याच नियमांवर चालते.

पण १९८२ चे नेटवर्क म्हणजे मोजकी विद्यापीठे आणि संशोधन केंद्रे, सगळी ओळखीतली. पाठवणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय नियमांत ठेवलीच नव्हती. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचेही नाव लिहावे, तसे. पुरवठादाराच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे’ असा मेल येतो आणि पैसे भलतीकडे जातात, त्याचे एक मूळ इथे आहे. याचा दोष पोस्टेल यांना देणे अन्यायाचे होईल. तेव्हा त्या तारांवरून कोणाचे बिल जात नव्हते.

जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना आपल्याकडूनच नोंदी घ्यायला सांगितले. अमेरिकी सरकार बिथरले. ही चाचणी होती, असे सांगून त्यांनी बदल मागे घेतला. वही सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था उभी राहत असतानाच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. वय ५५.

नियमांतले ते भोक पुढे इतरांनी बुजवत आणले. एसपीएफ सांगते, या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो. डीकेआयएम मेलवर डिजिटल मोहोर उठवते. दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचे काय करायचे, ते डीमार्क ठरवते. तिन्ही नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये भराव्या लागतात. डोमेन जिथून घेतले तिथे विचारावे. मात्र एखादे अक्षर बदलून घेतलेले बनावट डोमेन यांनी अडत नाही. खाते बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री झाल्यावरच पैसे सोडावेत.