रबराचे संशोधक चार्ल्स गुडइयर

मी चार्ल्स गुडइयर यांची माहिती लिहीत आहे. टायरवर आपण हे नाव वाचतो.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेत न्यू हेवन येथे झाला. त्यांनी अवजारांचे दुकान काढले होते, पण ते बुडाले. कर्ज फिटेना, म्हणून त्यांना पुष्कळदा तुरुंगात जावे लागले.

तेव्हाचे रबर उन्हाळ्यात पाघळायचे आणि थंडीत तडकायचे. चार्ल्सनी ते सुधारायचे ठरवले. तुरुंगातही ते बायकोचे लाटणे मागवून रबर लाटत बसत, असे सांगतात. त्यांनी सरकारसाठी टपालाच्या १५० पिशव्या केल्या, पण त्या गरमीने पाघळल्या. लोक हसले. घरात खायला नव्हते. त्यांची काही मुले लहानपणीच वारली. एकदा तर त्यांनी मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

१८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीवर पडले. ते वितळलेच नाही! चामड्यासारखे घट्ट झाले. मग ५ वर्षे खटपट करून १८४४ साली त्यांनी पेटंट घेतले. तरी कर्ज संपले नाही. १ जुलै १८६० रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी दुसऱ्याच लोकांनी १८९८ साली काढली.

गुरुजींनी सांगितले, गंधकामुळे रबराचे बारीक बारीक धागे एकमेकांना बांधले जातात. म्हणून टायर मजबूत होतो. पण म्हणूनच जुना टायर प्लॅस्टिकसारखा वितळवून पुन्हा नवा करता येत नाही.

आमच्या दिव्यात पंक्चरच्या दुकानाबाहेर फाटके टायर पडलेले असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि डास होतात. मागच्या होळीत आम्ही पोरांनी एक टायर जाळला. काळा धूर झाला. आजी रात्रभर खोकत होती.

कारखान्यात जुन्या टायरची भुकटी करतात. ती डांबरात घालून रस्ते करतात. प्लॅस्टिकमध्येही मिसळतात. भुकटी बारीक असली आणि प्लॅस्टिकला नीट चिकटली, तर ते प्लॅस्टिक आपटलं तरी लवकर फुटत नाही.

ज्या रबरासाठी चार्ल्सनी एवढे हाल सोसले, ते आपण जाळायचे नाही. या होळीत मी टायर टाकणार नाही. तुम्हीही टाकू नका. आईबाबांनो, तुम्ही पण पोरांना सांगा.

इयत्ता ४ थी