गप्प बसलेल्या रोगाचा माग

शार्ल निकोलला १९२८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते एका उवेमुळे. पण त्याच्या वीस वर्षे आधी त्याने आणखी एक जीव शोधून काढला होता आणि तो जीव शास्त्रज्ञांना अजून दाद देत नाही.

निकोलचा जन्म १८६६ सालचा, फ्रान्समधल्या रूआँ शहरातला. वडील डॉक्टर. ऐन तारुण्यात त्याला ऐकू येईनासे झाले. स्टेथोस्कोप लावून रोग्याची छाती तपासणे कठीण, म्हणून त्याने सूक्ष्मदर्शकाची वाट धरली. १९०३ साली तो ट्यूनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक झाला आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते शहर सोडले नाही.

ट्यूनिसमध्ये टायफसच्या साथी वरचेवर येत. आपल्या ओळखीचा टायफॉईड वेगळा, हा वेगळा. निकोल एका तुरुंगातली साथ पाहायला निघणार, तोच त्याला खोकल्यातून रक्त पडले. त्याच्याविना गेलेला सहकारी आणि नोकर तिथे एक रात्र राहिले. दोघांनाही टायफस झाला आणि दोघेही दगावले.

पुढे इस्पितळात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. रोग्यांचे कपडे उतरवून घेणारे आजारी पडत. पण आंघोळ घालून स्वच्छ कपडे दिलेल्या रोग्यापासून कोणालाच बाधा होत नसे. म्हणजे रोग कपड्यांतून येत होता, कपड्यांतल्या उवांतून. १९०९ साली माकडांवरच्या प्रयोगांनी त्याने ते सिद्ध केले.

दरम्यान १९०८ साली, लुई माँसो या सहकाऱ्यासह काम करताना, त्याला एका उंदरासारख्या प्राण्याच्या शरीरात धनुष्याच्या आकाराचे सूक्ष्म परजीवी दिसले. प्राण्याचे नाव गुंडी. आपल्या सदऱ्याच्या गुंडीशी त्याचा संबंध नाही. परजीवीचे नाव ठेवताना गुंडीचे गोंडी झाले आणि ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडी’ हेच नाव रूढ झाले.

निकोलला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटे तो शोध तिसराच. टायफसची बाधा झालेले काही गिनीपिग आजारी दिसत नसत, तरी त्यांच्या रक्तातून रोग दुसऱ्याला होई. रोग असा गप्पही बसतो! बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला हे चटकन पटते. वर्षानुवर्षे उलाढाल नसली म्हणून खाते बंद झालेले नसते.

टॉक्सोप्लाझ्मा अगदी असाच वागतो. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या शरीरात तो असावा, असा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण बाईला गरोदरपणात पहिल्यांदाच बाधा झाली, तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला धोका असतो. प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्यात तो जागा होतो. मांजराच्या विष्ठेतून त्याचा प्रसार होतो, हे १९७० च्या सुमारास कळले.

मग लस का नाही? निकोलनेही टायफसची लस करून पाहिली होती. चिरडलेल्या उवा आणि बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तातला द्रव एकत्र करून त्याने आधी स्वतःला टोचून घेतले, मग काही मुलांना. मुलांना टायफस झाला. सुदैवाने ती वाचली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आता शास्त्रज्ञ अख्खा परजीवी न टोचता त्याची निवडक प्रथिने वापरून पाहतात. त्याच्या पृष्ठभागावरचे ‘सॅग-१’ हे प्रथिन त्यांतले प्रमुख. ते आधीच ओळखीचे झाले, तर शरीर शत्रूला दारातच अडवील, ही कल्पना. उंदरांना त्यामुळे काही संरक्षण मिळते, पुरते मिळत नाही. कारण हा परजीवी पेशींच्या आत दडतो आणि वेगाने वाढण्याच्या अवस्थेतून सुस्त अवस्थेत जाताना अंगावरची प्रथिनेच बदलतो. मेंढ्यांचे गर्भपात टाळणारी लस न्यूझीलंडमध्ये निघाली खरी. पण तिच्यात दुबळा केलेला जिवंत परजीवी असतो, म्हणून ती माणसांना चालत नाही.

तोवर मांस नीट शिजवावे, भाजी धुऊन घ्यावी आणि मातीत काम केल्यावर हात धुवावेत. घरातल्या मांजराला हाकलण्याचे कारण नाही. गरोदर बाईने तिची घाण काढू नये, एवढे पुरे.

निकोलने कादंबऱ्याही लिहिल्या. त्या आज फारसे कोणी वाचत नाही. कपडे उकळून टायफस आटोक्यात आणायला मात्र त्याने जगाला शिकवले. रोगाची वाट कळली, तर लस येण्याआधीही माणसे वाचवता येतात.