स्फटिक आणि स्वभाषा : आचार्य जगदीशचंद्र बोस

पूर्व बंगालमधील फरीदपूर येथे भगवानचंद्र बोस हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा पदावरील गृहस्थाचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणार, हे गृहीतच धरलेले असे. त्यांच्या कचेरीतील हाताखालची माणसेही आपली मुले इंग्रजी शाळेत पाठवीत. भगवानचंद्रांनी मात्र आपल्या मुलाला, ३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेल्या जगदीशला, बंगाली पाठशाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, इंग्रजी मागाहून येईलच, अशी त्यांची धारणा होती. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चाकराचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या ज्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या, त्यांतूनच निसर्गाविषयीचे आपले कुतूहल जागे झाले, असे जगदीशचंद्र पुढे आवर्जून सांगत. शाळा सुटल्यावर ही मुले घरी येत, तेव्हा त्यांची आई साऱ्यांना एकत्रच खाऊ घाली. त्या काळच्या बंगालमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

नर्मदाकाठच्या या हिंदीभाषक नगरात मराठी माध्यमात मुलाला घालताना पालकांच्या मनात जी शंका डोकावते, तीच शंका फरीदपुरात भगवानचंद्रांच्या परिचितांना पडली असेल. मातृभाषेत शिकलेले मूल विज्ञानात मागे तर पडणार नाही ना?

पुढे जगदीश कलकत्त्यास हेअर स्कूलमध्ये आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये दाखल झाला. तेथे फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी त्याला भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये तो वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला; पण प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजमध्ये निसर्गविज्ञान शिकला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ मध्ये जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

इथे त्यांच्या स्वभावाची पहिली कसोटी लागली. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. त्यातही नेमणूक हंगामी असल्यामुळे हाती पडणार होते केवळ एकतृतीयांश. जगदीशचंद्रांनी तक्रारअर्जांचा घोळ घातला नाही. त्यांनी वेतनच घेतले नाही, आणि शिकवणे मात्र एक दिवसही थांबवले नाही. हे तीन वर्षे चालले. घरी वडिलांच्या कर्जाचा बोजा होता. अखेर त्यांना कायम करून मागील सर्व काळाचे पूर्ण वेतन देण्यात आले. त्या रकमेतून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले. याच हलाखीत, १८८७ मध्ये, त्यांचा अबलादेवींशी विवाह झाला. या बाईंनी पुढे बंगालमधील मुलींच्या आणि विधवांच्या शिक्षणासाठी केलेले काम इतके मोठे आहे की त्यांच्यावर स्वतंत्र लेखच हवा.

१८९४ पासून जगदीशचंद्र विद्युतचुंबकीय लहरींच्या संशोधनाकडे वळले. प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजातील एक चिंचोळी खोली, आणि मदतीला एक स्थानिक पत्र्याचे काम करणारा कारागीर. अशा सामग्रीवर त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये या लहरी भिंती भेदून पलीकडे गेल्या, तेथील घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूने पेट घेतला. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

लहरी निर्माण करण्यापेक्षा त्या ओळखणे अधिक कठीण होते. तत्कालीन ग्राहकयंत्रात लोखंडाचा कीस वापरीत. लहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. पुढच्या लहरीसाठी नळी टिचकी मारून हलवावी लागे. जगदीशचंद्रांनी अनेक पदार्थ पारखले आणि गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे बारीक टोक टेकवून नवे ग्राहकयंत्र सिद्ध केले. असा स्फटिक विजेला एका दिशेने सहज जाऊ देतो, उलट दिशेने अडवतो. आज आपण ज्यांना अर्धवाहक म्हणतो, त्या पदार्थांपैकीच तो एक.

१९०१ मध्ये लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या मालकाने त्यांना गाठले. शोध व्याख्यानात उघड करू नये, पेटंट घ्यावे आणि नफा वाटून घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान विकावयाचे नसते, ही त्यांची निष्ठा होती. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे अमेरिकेत अर्ज केला गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणाचे ते अनेकांच्या मते जगातील पहिले पेटंट. त्याचा आर्थिक लाभ त्यांनी घेतला नाही आणि ते लयाला जाऊ दिले. या निर्णयाचे कौतुक करताना हेही म्हटले पाहिजे की, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना त्यांचे नाव तारायंत्राच्या इतिहासात शोधून काढावे लागले.

नंतरची वर्षे वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासात गेली, आणि सामान्य वाचक त्यांना त्यासाठीच ओळखतो. आपल्या यंत्रांना त्यांनी आरंभी संस्कृतोद्भव नावे दिली होती. परदेशी जिभांनी त्यांची अशी दैना केली की शेवटी पाश्चात्त्य नावे पत्करावी लागली. बंगालीतील लेखन मात्र त्यांनी सोडले नाही. १८९६ मध्ये केसांच्या तेलाच्या एका स्पर्धेसाठी त्यांनी बंगालीत चक्क विज्ञानकथा लिहिली, ज्यात तेलाची बाटली समुद्रावरील वादळ शांत करते! १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यास बोस संशोधन मंदिर स्थापिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

त्याच १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहिला. जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेले तर्काचे बीजगणित विजेच्या कळांनी प्रत्यक्षात आणता येते, असे त्याने दाखवले. या मांडणीतूनच लॉजिक गेट, म्हणजे तर्कद्वारे, आली. ती आपल्या स्वयंपाकघरातही दिसतात. भांडे नीट बसले असेल आणि बटणही फिरवले असेल तरच मिक्सर फिरतो : हे ‘आणि’चे द्वार. पुढच्या किंवा मागच्या दाराचे बटण दाबले तरी एकच घंटा वाजते : हे ‘किंवा’चे. फ्रिजचे दार मिटून कळ दाबली गेली की आतला दिवा विझतो : हे ‘नाही’चे. संगणक फक्त शून्य आणि एक हे अंक जाणतो. त्यात एक अधिक एक करताना जो हातचा येतो, तो दोन्ही अंक एक असतील तेव्हाच येतो, म्हणजे हातचा हे ‘आणि’चेच काम.

मात्र बोटाने दाबायच्या कळांनी संगणक होत नाही. एका कळेच्या विजेने दुसरी कळ दाबली गेली पाहिजे. ते काम ट्रान्झिस्टरने केले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या स्फटिकावर धातूची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवली आणि एका टोकाच्या क्षीण प्रवाहाने दुसरीकडचा मोठा प्रवाह हुकमात आणला. जगदीशचंद्रांच्या स्फटिकावर एकच टोक होते. तो प्रवाहाची दिशा निवडी, प्रवाह वाढवीत नसे. म्हणून त्यांना ट्रान्झिस्टरचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम वापरल्याचा मान खुद्द ब्रॅटन यांनी १९५५ मध्ये पिअर्सन यांच्यासह लिहिलेल्या इतिहासात त्यांनाच दिला. नोबेल विजेते नेव्हिल मॉट यांच्या मते तर ते काळाच्या साठ वर्षे पुढे होते.

१९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी घडवलेला संगणक कार्यरत झाला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांच्याच जोडीला सुमारे १,७०० जर्मेनियम डायोड होते, विजेला एकाच दिशेने वाट देणारे, गॅलिनाच्या त्या स्फटिकाच्या कुळातले.