बसून करायचं काम

बार्बरा जॉर्डन ही अमेरिकेतली नावाजलेली बाई. टेक्सासची. वकील, आमदार, खासदार आणि शेवटी प्राध्यापक. आवाज असा की ती बोलायला उभी राहिली की सभागृह गप्प. ऑस्टिन शहराच्या विमानतळावर आज तिचा पुतळा आहे. राजकारणावर लिहिणारे तिच्या भाषणांबद्दल लिहितात. मला मात्र तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते तिच्या पगाराकडे बघून! १९७३ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिचा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा आजार सुरू झाला आणि त्यानंतर मरेपर्यंतची बावीसेक वर्षं ती कमावती राहिली.

हे सुचलं ते माझ्या भाचीमुळे. ती इथे नंदाखालला राहते, अंधेरीला एका खासगी ऑफिसात नोकरी करते. एकतिसाव्या वर्षी तिला एमएस निघाला. घरात सगळे औषधाबद्दल बोलले, नवसाबद्दल बोलले, आराम करायला सांगून झालं. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. मला एकच दिसत होतं. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, त्याचं काय? तिलाही तोच घोर होता. ऑफिसात सांगायचं की लपवायचं, हे तिने मला विचारलं. मला उत्तर येईना. म्हणून मी वाचायला लागले आणि वाचता वाचता बार्बरा भेटली.

आधी आजार थोडक्यात सांगते. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत विजेच्या तारांसारखे तंतू असतात, त्यांच्यावर आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हे आवरण खाते. मग निरोप नीट पोचत नाहीत. कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाचे पाय जड होतात, हात बधिर होतात, तोल जातो. बहुतेकांना विशी ते चाळिशीत होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटी-तिपटीने जास्त आढळतो. म्हणजे ऐन कमावण्याच्या, संसार मांडण्याच्या वयात. त्यातला थकवा तर बाहेरून दिसतच नाही. उकाड्याने त्रास वाढतो. आता विचार करा, मे महिन्यात विरार लोकलमध्ये उभं राहून अंधेरी गाठायची!

बार्बराचा जन्म २१ फेब्रुवारी १९३६ चा, ह्यूस्टन शहरातल्या काळ्या लोकांच्या गरीब वस्तीतला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई लोकांच्या घरी कामाला जायची. त्या काळी गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी, कॉलेज वेगळं. बार्बरा काळ्यांच्या कॉलेजात शिकली आणि वादविवाद स्पर्धा गाजवायला लागली. पुढे बोस्टनला जाऊन १९५९ मध्ये कायद्याची पदवी घेतली. गावी परतल्यावर ऑफिस थाटायला पैसे कुठले? आईवडिलांच्या घरातलं जेवणाचं टेबल हेच तिचं वकिलीचं ऑफिस झालं.

१९६२ आणि १९६४, दोनदा ती विधानसभेला उभी राहिली आणि दोन्ही वेळा पडली. १९६६ मध्ये टेक्सासच्या सिनेटवर निवडून आली. १८८३ नंतर त्या सभागृहात पाऊल ठेवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती आणि कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तर पहिलीच. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात गेली. दक्षिणेकडच्या राज्यांतून तिथे पोचलेली तीच पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

आणि खासदारकीच्या पहिल्याच वर्षात हा आजार! विचार करा, इतक्या पायऱ्या चढून माणूस वर पोचावं आणि तिथे पायच साथ देईनासे व्हावेत.

तिने काय केलं? कुणाला सांगितलं नाही आणि काम चालू ठेवलं. जुलै १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची चौकशी चालू असताना तिने न्यायसमितीत राज्यघटनेवर भाषण केलं. ते टीव्हीवरून देशाने ऐकलं आणि ती घराघरांत पोचली. १९७५ मध्ये मतदान हक्काच्या कायद्याला मुदतवाढ मिळाली, त्यात इंग्रजी न येणाऱ्या अल्पसंख्याकांनाही संरक्षण मिळावं म्हणून ती झटली. १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषणाचा मान तिला मिळाला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टाळ्यांचा कडकडाट होत होता. तीन वर्षांपासून ही बाई एमएस घेऊन उभी आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिचा १९७७ सालचा निर्णय. तिसरी मुदत चालू असताना, नाव शिखरावर असताना, तिने पुन्हा निवडणूक लढवायची नाही असं ठरवलं. कारण म्हणून आजार पुढे केला नाही. ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या संस्थेत ती शिकवायला लागली. सार्वजनिक जीवनातली नीतिमत्ता हा तिचा विषय. आता बघा, खासदाराचं काम म्हणजे धावपळ, प्रवास, जिने, रात्रीच्या बैठका. प्राध्यापकाचं काम म्हणजे एक खोली, एक टेबल, समोर विद्यार्थी. तिच्याजवळची दोन भांडवलं, बुद्धी आणि आवाज, यांना आजाराने हात लावला नव्हता. त्यांच्यावर चालेल असं काम तिने हातपाय थोडेफार चालत होते तेव्हाच पक्कं केलं. काही कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही ती होती. पुढे काठी आली, वॉकर आला, मग व्हीलचेअर. वर्ग मात्र चालूच राहिला, तिच्या मृत्यूपर्यंत.

हे सगळं तिने एकटीने केलं नाही. नॅन्सी अर्ल ही तिची अनेक वर्षांची सोबतीण. १९८८ मध्ये घरच्या तलावात व्यायाम करताना बार्बरा बुडता बुडता वाचली, ती नॅन्सीने वेळेवर पाहिलं म्हणून. १९९२ मध्ये पुन्हा पक्षाचं अधिवेशन, पुन्हा तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि पुन्हा तीच वक्ती, या वेळी व्हीलचेअरवरून. १९९४ मध्ये देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. त्याच सुमारास स्थलांतरितांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद ती सांभाळत होती. पुढे रक्ताचा कर्करोगही झाला. १७ जानेवारी १९९६ रोजी न्यूमोनियाने ती गेली, तेव्हा साठीलाही पोचली नव्हती. टेक्सासच्या सरकारी स्मशानभूमीत दफन झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

आता लपवण्याबद्दल. बार्बराने आजाराचं नाव वर्षानुवर्षं झाकून ठेवलं, म्हणून आपणही झाकावं का? मला तसं वाटत नाही. तिला १९७३ मध्ये कुठल्या कायद्याचा आधार होता? अपंगांना खासगी नोकरीतही संरक्षण देणारा अमेरिकेतला मोठा कायदा १९९० मध्ये आला. एमएसची गती कमी करणारं पहिलं औषध तिथे १९९३ मध्ये मंजूर झालं, म्हणजे तिचा आजार वीस वर्षांचा झाल्यावर. शिवाय ती काळी, त्यात बाई. दुबळेपणाचा संशय जरी आला असता तरी लोकांनी तिला बाजूला सारलं असतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते नव्हतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. पण सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात एमएसचं वेगळं नाव नाही. खासगी ऑफिसांना समान संधीचं धोरण जाहीर करणं बंधनकारक आहे, पण ते कागदावरून टेबलापर्यंत येतं का, हे प्रत्येक ऑफिसचं वेगळं. म्हणून भाचीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिला मी सांगितलं ते इतकंच. राजीनामा घाईने देऊ नकोस. साहेबांकडे जाशील तेव्हा नुसता आजार सांगू नकोस, काय हवं तेही सांग. गर्दी टळेल अशी वेळ, आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम, पंख्याखालची जागा. आणि जे ठरेल ते लेखी घे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं कुणी असेल तर चार गोष्टी बघून ठेवा. ऑफिसचा समूह विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, तेव्हा नोकरी सोडण्याआधी तो हिशेब करा. गंभीर आजारांच्या पॉलिसीत एमएस असतो, पण ती आजाराच्या आधी घेतलेली असावी लागते. म्हणून घरातल्या धडधाकट मुलींच्या नावाने ती आजच घ्या. पीएफ कापला जात असेल तर नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आल्यास त्याच्या १९९५ च्या योजनेत पेन्शनची तरतूद आहे, वारसाचं नाव आणि कागद नीट ठेवा. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र काढून घ्या, त्यात कसली आलीय लाज? आणि १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते आहे, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. तिथे हेच प्रश्न आधी सोसलेली माणसं भेटतात.

आमच्या वसई पट्ट्यात बायकांनी पिढ्यानपिढ्या डोक्यावर पाट्या घेऊन भाजी-फुलं मुंबईला नेली आणि घरं उभी केली. काम म्हणजे अंगमेहनत, हे आमच्या हाडात भिनलेलं. बसून कमावणाऱ्या बाईला आम्ही थोडी आळशीच समजतो. ते आता बदलायला हवं. खुर्चीत बसून बार्बराने सतरा वर्षं मुलांना शिकवलं. आजारी मुलीला घरी आराम कर म्हणणं सोपं असतं. तिला झेपेल असं काम शोधायला तिच्याबरोबर बसणं, हे जास्त उपयोगाचं.