टपालाचे वैमानिक

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी यांचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधील लियाँ या शहरात झाला. ते चार वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे वडील वारले. आईने पाच मुलांना वाढवले. सुटीत ते ज्या घरी राहत, तेथून जवळच एक विमानतळ होता. आंत्वान तेथे जाऊन तासन्‌तास विमाने पाहत. बारा वर्षांचे असताना ते पहिल्यांदा विमानात बसले. तेव्हापासून त्यांना आकाशाची ओढ लागली.

१९२६ साली ते तुलूझ शहरातील एका विमान कंपनीत नोकरीस लागले. कंपनीचे मुख्य काम टपाल नेण्याचे होते. नव्या वैमानिकाला लगेच विमान मिळत नसे. आधी कारखान्यात इंजिनाचे भाग साफ करावे लागत. हात तेलाने काळे झाल्यावरच विमानाची पाळी येई.

वैमानिकाला पहाटे अंधारातच विमानतळावर हजर व्हावे लागे. टपालाच्या पिशव्या विमानात चढवल्या जात. एका वैमानिकाने आणलेले टपाल पुढच्या ठाण्यावर दुसरा वैमानिक घेई. असे ते स्पेनवरून मोरोक्कोत आणि तेथून वाळवंट ओलांडून डाकारला पोचे. ऊन असो, धुके असो, टपाल वेळेवर पोचले पाहिजे, असा कडक नियम होता.

हे काम सोपे नव्हते. विमानाला एकच इंजिन होते. बसण्याची जागा उघडी होती. वारा आणि पाऊस तोंडावर येई. इंजिन वाटेतच बंद पडे. वाळवंटात उतरलेल्या वैमानिकांना तेथील टोळ्या कैद करत आणि सुटकेसाठी पैसे मागत. काहींचे प्राणही गेले. म्हणून तेथे दोन विमाने बरोबर जात. एक खाली उतरले, तर दुसरे मदतीला येई.

१९२७ साली आंत्वान यांना केप जुबी येथील ठाण्याचे प्रमुख नेमले. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट, अशा जागी ते लाकडी खोपटात राहत. पिण्याचे पाणीसुद्धा जहाजाने येई. ते तेथे थोडी अरबी भाषा शिकले. टोळ्यांच्या सरदारांबरोबर चहा घेत ओळखी वाढवल्या. शस्त्राने जे झाले नसते, ते बोलण्याने झाले. वाळवंटात अडकलेल्या अनेक वैमानिकांना त्यांनी परत आणले.

१९२९ साली ते दक्षिण अमेरिकेत गेले. विमान दिवसा जेवढे पुढे जाई, तेवढे अंतर आगगाडी व जहाज रात्री भरून काढत. म्हणून तेथे टपालाची विमाने रात्रीही उडू लागली. जून १९३० मध्ये त्यांचे मित्र गियोमे यांचे विमान अँडीज पर्वतात बर्फात उतरले. वादळ थांबेपर्यंत गियोमे टपालाच्या पिशव्यांच्या आडोशाला बसून राहिले. मग ते बर्फातून अनेक दिवस चालले आणि वाचले. आंत्वान पाच दिवस विमानातून त्यांना शोधत होते.

पुढे तशीच वेळ त्यांच्यावरही आली. डिसेंबर १९३५ मध्ये पॅरिसहून सायगावला विक्रमी वेळेत पोचण्यासाठी निघाले असता त्यांचे विमान इजिप्तमधील वाळवंटात आदळले. ते व त्यांचे सोबती प्रेव्हो बचावले. पण पाणी लवकरच संपले. दोघे तहानेने व्याकूळ होऊन भटकत राहिले. चौथ्या दिवशी उंटावरून जाणाऱ्या एका बदाऊनी अरबाने त्यांना पाहिले. त्या अनोळखी माणसाने त्यांना पाणी पाजले आणि त्यांचे प्राण वाचवले. आंत्वान यांनी आपल्या पुस्तकात त्याची आठवण कृतज्ञतेने लिहून ठेवली.

त्यांनी वैमानिकांच्या जीवनावर आणखीही पुस्तके लिहिली. १९४३ साली प्रसिद्ध झालेली ‘छोटा राजकुमार’ ही त्यांची गोष्ट जगभरच्या मुलांनी वाचली. तीही वाळवंटात उतरलेल्या एका वैमानिकाचीच आहे.

३१ जुलै १९४४ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, ते कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी निघाले आणि परत आले नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष २००० साली मार्सेय शहराजवळच्या समुद्रात सापडले.

त्या पिशव्यांमध्ये कुणाच्या आईचे पत्र असे, तर कुणाच्या मुलाची खुशाली. ती लिहिणारी माणसे वैमानिकांच्या ओळखीची नव्हती. तरीही त्यांची पत्रे वेळेवर पोचावीत म्हणून या लोकांनी आपला जीव धोक्यात घातला.