वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. पोलिओच्या डोसच्या निमित्ताने हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, पण काम मिळालं ते ग्रंथालयात! उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ही लस घेऊन ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा दिली. प्लेग हा जिवाणूमुळे होतो, पोलिओ विषाणूमुळे. विषाणूला वाढायला जिवंत पेशीच लागते, जिवाणू मात्र नुसतं खाद्य मिळालं तरी बाटलीत वाढतो. हाफकिन यांनी मांसाच्या रसात प्लेगचे जिवाणू वाढवले आणि वर चक्क तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जिवाणू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. १८९९ मध्ये परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पदावरून दूर व्हावं लागलं. धनुर्वाताचा जिवाणू मातीत असतो, हे आपण शिकलोय. बाटली उघडणाऱ्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीत आलं होतं. शिवाय धनुर्वाताचे जिवाणू बाटलीत वाढले असते तर घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. म्हणजे चूक गावात झाली, परळला नाही. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षं लागली! मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले.

ते परत भारतात आले, पण परळची जागा भरलेली होती. म्हणून कोलकात्याला काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचं निधन झालं.